रंग विचारणारे आपण

हजरत बिलाल (रजि.) यांनी काबागृहाच्या छतावरून अजान दिली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता, हेही सांगतो. आणि रिश्त्याची बोलणी निघाली की पहिला प्रश्न, "मुलगी गोरी आहे ना?"

तोंडावर काळी म्हणणे आता कमी झाले, हे खरे. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमनेही नावातला 'फेअर' काढला. आपल्या बायोडाटात मात्र 'रंग: गोरा' तसाच आहे. परवा आमच्याच घरात मुलीचा फोटो मोबाइलवर उजळ करून पाठवायचे ठरले. तिने तो पाहिला आणि विचारले, "अम्मी, ही कोण?"

फोटो अजून पाठवलेला नाही.