भाच्याचा ड्रोन आणि बंबाचे पाणी

गेल्या मार्च महिन्यातली गोष्ट. अमरावतीच्या आमच्या कॉलेजातला शेवटचा तास आटोपून मी घरी येऊन टेकतो न टेकतो तोच अकोल्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, बंडूचा ड्रोन बंबवाल्यांनी पाडला रे!" मराठीचा मास्तर पडलो, त्यामुळे माझ्या मनात आधी आले ते हे, की ड्रोन 'पाडला' म्हणावे की 'पाडले'? पण बहिणीचा सूर इतका रडवेला होता, की व्याकरण गुमान बाजूला ठेवले.

बंडू हा माझा भाचा. लग्नाकार्यांत चित्रण करून पोट भरतो. आता आमच्या वऱ्हाडात ड्रोनवाचून लग्न शोभत नाही. अंतरपाट दूर होतो न होतो तोच मांडवावर तो यांत्रिक भुंगा घोंगावू लागतो, आणि भटजींच्या मंगलाष्टकांचे शेवटचे चरण त्यात विरून जातात. बंडूच्या यंत्राची किंमत 1 लाख 10 हजार. त्यातले निम्म्याहून अधिक हप्त्यांचे. त्या दिवशी दुपारी गावाबाहेरच्या एका जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीला आग लागली. धूर दिसताच चिरंजीव ड्रोन घेऊन धावले. चित्रण झकास मिळेल, कुणी बातमीवाला विकतही घेईल, हा हिशेब.

कापसाची आग ज्याने पाहिली नाही त्याला तिचा कावा कळायचा नाही. वरून विझली म्हणावे तर आत धुमसत असते. गंजी उपसावी लागते, थर उलगडावे लागतात, आणि वारा सुटला तर पेटलेले पुंजके उडून शेजारच्या गाठींवर जाऊन बसतात. शिडीवर उभा राहून पाणी मारणाऱ्याला क्षणाची उसंत नसते.

शनिवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. बंडू तावातावाने सांगू लागला, "मामा, तो मुद्दामच पाणी मारून राहिला होता! ड्रोन काही त्याच्या अंगावर गेला नव्हता."

"किती दूर होता?"

"असेल पंधरा-वीस फूट."

"मग आता काय करायचे म्हणतोस?"

"नोटीस द्यायची. भरपाई घ्यायची. तुमचे ते वकील आहेत न ओळखीचे?"

यंत्राचा चुराडा झाला होता. पण आतले चित्रणाचे कार्ड शाबूत होते. तोच आपला पुरावा, म्हणून बंडूने मोठ्या विश्वासाने ते माझ्या हवाली केले.

राजकमल चौकापासून जवळच आमच्या वकील स्नेह्यांची बैठक आहे. त्यांनी ते चित्रण दोनदा पाहिले आणि काही न बोलता माझ्यापुढे सरकवले. शिडीवरचा माणूस एकदा हात हलवून 'दूर हो' म्हणतो. पुन्हा हलवतो. ड्रोन आणखी जवळ जातो. मग तो नळीचे तोंड वर फिरवतो, आणि पडदा काळा होतो. बंडूचा साक्षीदार बंडूवरच उलटला होता!

वकीलसाहेब म्हणाले, "शिक्षेचा प्रश्न सोपा आहे. मोठे अनिष्ट टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू न ठेवता सद्भावनेने केलेली नासधूस हा गुन्हा नव्हे. 1860च्या दंडसंहितेत हे कलम 81 होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 19 आहे. त्याखालचे उदाहरणही आगीचेच आहे. मोठ्या आगीत ती पसरू नये म्हणून माणसांच्या आणि मालमत्तेच्या बचावासाठी कुणी घरे पाडतो, तो अपराधी नाही. जिथे घर पाडलेले चालते, तिथे तुमच्या भाच्याच्या भुंग्याची काय कथा?"

"आणि भरपाई?"

"ते जरा निराळे," ते म्हणाले, आणि मग त्यांनी मला थेट लंडनला नेले. 1666 सालच्या सप्टेंबरात तिथे आग लागली. घरे पाडून आगीची वाट तोडा, असे लोक नगराध्यक्षाला विनवीत होते. पण मालकांच्या संमतीवाचून पाडली तर पैसे कोण भरणार, या विवंचनेत सर टॉमस ब्लडवर्थ अडकून राहिले. चार-पाच दिवसांत 13 हजारांवर घरे गेली. भरपाईच्या धास्तीने हात आखडला की काय होते, याचा दाखला म्हणून वकील मंडळी ही गोष्ट अजून सांगतात.

दुसरी गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची. 24 डिसेंबर 1849च्या आगीत तिथले नगरप्रमुख गिअरी यांनी सुरोको नावाच्या गृहस्थाचे घर सुरुंगाने उडवले. माझा माल अजून बाहेर निघत होता, तो बुडाला, म्हणून सुरोको कोर्टात गेला. 1853 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला नकार दिला. मात्र गरज नसताना कुणी घर पाडले तर त्याला भरून द्यावेच लागेल, हेही त्याच निकालात नोंदले. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. ती नसती तर गणवेश चढवलेल्या प्रत्येकाला लोकांच्या वस्तू फोडण्याचा परवानाच मिळाला असता.

गंमत अशी, की ड्रोनचा नेमका कायदाही त्याच कॅलिफोर्नियात झाला. जुलै 2015 मध्ये तिथल्या कहोन खिंडीत महामार्गाच्या कडेने वणवा पेटला असता आकाशात हौशी ड्रोन दिसले, म्हणून पाणी टाकणारी विमाने काही मिनिटे मागे घ्यावी लागली. खाली रस्त्यावर मोटारी जळत होत्या. पुढच्याच वर्षी कायदा आला: संकटात मदत करणाऱ्याच्या हातून, त्याच्या कामात अडथळा आणणाऱ्या ड्रोनचे नुकसान झाले तर त्याच्यावर भरपाईची जबाबदारी नाही. अडथळा मात्र खरा हवा, आणि काम चालू असताना हवा. तरीही जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात एका हौशी ड्रोनने पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडलेच. तिथे मालकाला भरपाई मिळणे दूरच. त्यानेच गुन्हा कबूल करून सुमारे 65 हजार डॉलर भरण्याचे मान्य केले.

आपल्या 2021च्या ड्रोन नियमांत बंबवाल्यांना असे स्पष्ट संरक्षण देणारे कलम नाही. नुकसानभरपाईच्या बाबतीत आपली न्यायालये बव्हंशी इंग्रजी निकालांच्या वाटेने जातात. तिथे निकड हा बचाव आहे, पण निकड खरी होती हे पाडणाऱ्यानेच दाखवायचे. म्हणजे शिडीवरून उतरलेल्या त्या माणसाने कोर्टाच्या पायऱ्याही चढायच्या. मला विचाराल तर एवढे एक कलम आपल्याकडेही असावे, आणि सॅन फ्रान्सिस्कोची ती अटही त्याला जोडलेली असावी.

उरले बंडूचे. वकीलसाहेबांनी विचारले, "पैसे घेऊन चित्रण करतो? मग वैमानिकाचे प्रमाणपत्र आहे?" 2 किलोपर्यंतचा ड्रोन हौसेखातर उडवला तर ते लागत नाही; धंद्यासाठी उडवला तर लागते. बंडूकडे ते नव्हते. "विमा?" विमाही नव्हता, आणि असता तरी नियमाने सक्तीचा आहे तो इतरांच्या नुकसानीचा, आपल्या यंत्राचा नव्हे. नियम मोडल्याचा दंड 1 लाखापर्यंत होऊ शकतो. नोटीस दिली असती तर उलट हेच सारे उघड्यावर आले असते!

मी फोन करून बंडूला सगळे सांगितले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण हप्ते?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. यंत्राचे हप्ते कायद्याची कलमे वाचून थांबत नाहीत, आणि पोराचा मोसम बुडाला हे तर खरेच होते.

आठ दिवसांनी बहिणीने त्याला अग्निशमन केंद्रात पाठवले. यंत्राचा एक पंखा आणि काही तुकडे तिथे कुणी जपून ठेवल्याचा निरोप आला होता. तुकडे देणारा शिडीवरचाच माणूस निघाला. वय बंडूहून फार तर पाच-सहा वर्षांनी जास्त. "भाऊ, मले वाटलं, ते डोक्यावरच पडते आता," तो म्हणाला, "खाली दोघे जण गंजी उपसून राहिले होते." बंडूने तुकडे पिशवीत घातले, त्याच्यासोबत चहा घेतला आणि घरी आला.

येत्या तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन लग्नांची कामे त्याने धरली आहेत. ड्रोन भाड्याचा आहे. प्रमाणपत्राच्या शिक्षणाची फी मी भरली. जुन्या यंत्राचे सात हप्ते अजून राहिले आहेत.