चेहऱ्यावरील फिकट डाग

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एखाद्या मराठी घरी मुलाच्या गालावर फिकट डाग दिसला, की वडीलधारी मंडळी प्रथम जंतांचा संशय घेतात. महिनाभरात डाग गेला नाही, म्हणजे ‘कोड’ हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो. मुलगी असल्यास तिच्या लग्नाची चिंता त्याच दिवशी सुरू होते. वस्तुतः असे सर्व डाग एकाच जातीचे नसतात.

त्वचेला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. त्वचेतील विशिष्ट पेशी ते निर्माण करून शेजारच्या पेशींना पुरवितात. हे कार्य मंदावले तर डाग फिकट दिसतो; त्या पेशीच नष्ट झाल्या तर तो दुधासारखा पांढरा होतो.

शाळकरी मुलांच्या गालांवरील अस्पष्ट कडांचे, किंचित कोंडा सुटणारे डाग बहुधा कोरड्या त्वचेच्या सौम्य दाहाने उद्भवतात. त्यांचा जंतांशी संबंध सिद्ध झालेला नाही. साधे स्निग्ध मलम लावल्याने व उन्हापासून जपल्याने ते हळूहळू मावळतात. शिबे बुरशीमुळे होते व बुरशीनाशक मलमाने बरे होते. मात्र मूळ रंग परतण्यास काही आठवडे वा महिने लागतात. कोडात शरीराची संरक्षक यंत्रणाच रंगपेशींवर उलटते. कोड स्पर्शाने पसरत नाही. टॅक्रोलिमसचे मलम व नियंत्रित अतिनील किरण यांनी चेहऱ्यावरील रंग पुष्कळदा परत येतो. दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम आणून मनाने लावणे मात्र घातक होय. त्याने त्वचा पातळ होते.

चौथे कारण कुष्ठरोग. त्याचा फिकट डाग सहसा बधिर असतो. परंतु चेहऱ्यावरील डागात संवेदना टिकूनही राहते. म्हणून सर्व अंग तपासून घ्यावे, आणि हातापायांना बधिरता असल्यास विलंब करू नये. या रोगाचे जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. सहा ते बारा महिन्यांच्या या उपचाराने रोग बरा होतो, आणि सरकारी रुग्णालयांत तो विनामूल्य मिळतो.

भीतीची किंमत छत्तीसगढ जाणतो. रायपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चांपा हे गाव आहे. स्वतः कुष्ठरोग भोगलेल्या सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ मध्ये तेथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापिला. समाजाने दूर लोटलेल्यांना तेथे आसरा मिळाला, कामही मिळाले. अमरावती जिल्ह्यातून आलेले दामोदर गणेश बापट यांनी पुढे अनेक दशके हे कार्य वाहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ज्यांचा डाग वेळीच वैद्याने पाहिला असता, त्यांपैकी कित्येकांची बोटे वाचली असती. तेव्हा मुलाच्या गालावर डाग दिसल्यास तो पावडरीखाली झाकू नये. त्याला दिवसाच्या उजेडात त्वचारोगतज्ज्ञापुढे न्यावे. बहुतेक वेळा घरी परतताना हाती मलमाची एक नळी असेल, आणि मनावरचे ओझे उतरलेले असेल.