एमएस : "हे कुणाच्या बाजूचं?"



मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, आपल्या लोकांत फारसा ऐकिवात नसतो. त्यामुळे घरात कुणाला झाला की औषधाच्या आधी कुळाचा प्रश्न येतो! माझ्या धाकट्या बहिणीला २०१९ साली इथे इंग्लंडमध्ये हे निदान झालं. आईने फोनवर विचारलं, "कुणाच्या बाजूचं गं हे? माझ्याकडचं की यांच्याकडचं?" मावशीने बजावलं, "बाहेर बोलू नका, आमच्या मुलीला स्थळं बघतोय." दोघींना काळजीच होती. पण उत्तर द्यायचं तर आकडे हवेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

विजेच्या वायरीवर असतं तसं आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतलं हे आवरण शत्रू समजून कुरतडते. मग कुणाची दृष्टी अंधुक होते, कुणाला मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन-तीन पट जास्त.

आता घराण्याचं. एमएसचा असा एकच एक जनुक नाही. २०१९ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात धोका वाढवणाऱ्या २३३ जनुकीय खुणा मिळाल्या. एकेकीचा परिणाम बहुधा किरकोळ, आणि बऱ्याचशा प्रतिकारशक्तीशी संबंधित. त्यांत वजनदार एकच, एचएलए-डीआरबी१*१५:०१. एचएलएचं काम जंतूंचे तुकडे टी पेशींना दाखवायचं, "हा बघा चोर!" म्हणून. हा प्रकार अंगात असला तर धोका साधारण तिप्पट होतो, पण तो असूनही बहुसंख्य लोक ठणठणीत असतात. आणि अशा खुणा आई-वडील दोघांकडून येतात. तेव्हा आईला उत्तर : दोष कुणाच्याच बाजूचा नाही.

इथे ब्रिटनमध्ये सर्वसाधारण धोका हजारी दोन-तीन. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना शंभरात सुमारे तीन, मुलांना सुमारे दोन, चुलत-मावस भावंडांना एक टक्क्याच्या आतबाहेर. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक. म्हणजे बाकीचं जनुकांबाहेरचं!

बाहेरचं काय? २०२२ साली एक कोटीहून जास्त अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. पण हा विषाणू दहातल्या नऊ प्रौढांच्या अंगात असतोच, म्हणजे तो एकटा पुरेसा नाही. सिगारेट, किशोरवयातला लठ्ठपणा आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही संबंध आढळला आहे.

आपल्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे. भारतात एमएसचं प्रमाण इथल्यापेक्षा बरंच कमी. पण भारतीय उपखंडातून आलेल्यांच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांत ते जवळपास इथल्या लोकांइतकं असल्याचं १९९० च्या अभ्यासात दिसलं. जनुकं तीच, फक्त वाढण्याची जागा बदलली. म्हणून "आपल्या लोकांना हे होत नाही" म्हणत मुलांच्या तक्रारी उडवून लावू नका.

घरातल्या धडधाकट माणसांची जनुक-चाचणी करण्यात अर्थ नाही, होणार की नाही हे ती सांगूच शकत नाही. त्यापेक्षा सिगारेट टाळा, ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आणि दृष्टी अचानक अधू झाली किंवा बधिरपणा दिवसेंदिवस टिकला तर लगेच डॉक्टर गाठा. लवकर उपचार सुरू झाले तर आजाराचे झटके आणि पुढचं नुकसान कमी करता येतं.

राहता राहिली मावशीची मुलगी. शंभरातल्या नव्व्याण्णव शक्यता तिच्या बाजूने आहेत. लपवण्यासारखं त्यात काय आहे?