पहिल्या थांब्यावरची मुलगी

सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. तिसगाव नाक्यावर पिवळी बस थांबते. सहावीतली एक मुलगी चढते, बसमधल्या ताई तिचं दप्तर घेतात, आणि चक्की नाका यायच्या आत ती पेंगायला लागते. शाळा कल्याण पश्चिमेला, खडकपाड्याकडे. नकाशावर हाकेच्या अंतरावर. पण मधे रूळ. नेतिवली, पत्रीपूल, गोविंदवाडी बायपास, दुर्गाडी, आधारवाडी असा वळसा घालायचा. रुळांवरचा जुना पत्रीपूल २०१८मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१मध्ये सुरू झाला. मधली वर्षं आठवली की बसमालक दादा अजूनही कपाळाला हात लावतात.

दादांचं नियोजन एका लांबट वहीत, शिसपेन्सिलीनं. बारा थांबे. ते घ्यायचे क्रम किती? ४७,९०,०१,६००. मी लॅपटॉप उघडला. फेऱ्या आखायची क्लार्क आणि राइट यांची १९६४ची पद्धत साधी आहे: प्रत्येक थांब्याला वेगळी बस धरायची, मग कोणते दोन थांबे एका फेरीत घेतले तर जास्त अंतर वाचतं ते बघत फेऱ्या जोडत जायच्या. दादा म्हणाले, “मग मी दुसरं काय करतो?”

खरी गंमत पुढे. कमीत कमी किलोमीटर मागितले, तर डिझेल वाचलं, पण तिसगावची मुलगी तासाच्या वर बसमध्ये. कुणीच पाऊण तासापेक्षा जास्त बसायचं नाही, अशी अट घातली, तर आणखी एक बस लागली. म्हणजे एक ड्रायव्हर, एक ताई, आणि वाढीव फी. मुलीच्या एका मिनिटाच्या झोपेला किती लिटर डिझेल मोजायचं, हा आकडा गणित देत नाही. तो आपणच त्याला सांगावा लागतो.

बोस्टनमध्ये २०१७ साली एमआयटीच्या बर्टसिमस यांच्या गटानं असंच गणित मांडलं आणि सुमारे ५० बस कमी झाल्या. तिथवर सगळे खूश. त्याच गटाच्या मदतीनं शाळांच्या घंटांच्या वेळा बदलायला घेतल्यावर पालक असे उसळले, की डिसेंबरातच बेत गुंडाळावा लागला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. कागदावर सोयच: मोठ्यांना सोडून तीच बस छोट्यांना आणेल. पण आठनंतरचा पत्रीपूल कागदावर नसतो. सव्वासहाला जे अंतर दहा मिनिटांचं, ते तेव्हा किती मिनिटांचं, हे दादा रोज नव्यानं शिकतात. माझ्या तक्त्यात मी एकच वेळ भरली होती. त्यांनी ती खोडायला लावली.

शेवटी तोडगा वहीतूनच निघाला. दिवाळीनंतर कोळसेवाडी पहिली, तिसगाव दुसरं. अंतर थोडं वाढलं. लॅपटॉपला हे सुचलं नव्हतं, कारण पाळीपाळीनं लवकर उठायचं असतं हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

सोमवारी रात्री दादांना कोळसेवाडीतल्या एका आईचा फोन आला: “आमच्याच मुलाला का हो आधी?”