चालत्या मोटारीचे ब्रेक

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून धाटावला येणारी मोटार घाटाच्या शेवटच्या वळणांवर नीट थांबेनाशी होते, पायडल खोल जातें, आंतील मंडळी मनांतल्या मनांत देवाचें नांव घेतात. आणि विळ्यावरून कोलाडमार्गें गाडी घरीं पोंचून दुसऱ्या दिवशीं गॅरेजांत नेली, तों ब्रेक अगदीं चोख! मिस्त्री पायडल दाबून पाहतो, चाकांपाशीं वाकून पाहतो आणि ‘कांहीं नाहीं’ म्हणून गाडी परत देतो. मिस्त्री खोटें बोलत नाहीं, आणि मालकालाहि भास झालेला नसतो. ब्रेकचीं कित्येक दुखणीं अशीं आहेत कीं, गाडी थंड होऊन उभी राहिली म्हणजे तीं लपतात. त्यांचा खरा साक्षीदार एकच: गाडी हांकणाऱ्याचा पाय.

असें कां होतें? ब्रेक हें गतीची उष्णता करणारें यंत्र आहे. १२०० किलो वजनाची मोटार ५०० मीटर उंची उतरली, तर त्या उतरण्यांत जी शक्ति मोकळी होते, तिच्यावर साधें १८ लिटर पाणी उकळीला येईल. तिचा कांहीं वांटा वारा व इंजिन खातें. उरलेली सारी उष्णता चाकांपाशींच्या थोड्या लोखंडावर पडते. पॅड फार तापले कीं त्यांची पकड सुटते. अशा वेळीं पायडल नेहमीच्या उंचीवर आणि कठीणच लागतें, पण गाडी थांबत नाहीं, व जळका वास येतो.

याहून फसवें दुखणें ब्रेक ऑईलचें. हें द्रव हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ जातीचें ताजें ऑईल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. परंतु त्यांत ३.७ टक्के पाणी मुरलें कीं ही मर्यादा १४० अंशांवर येते. कोंकणच्या दमट हवेंत चारपांच पावसाळे काढलेल्या ऑईलाची गोष्ट मग काय सांगावी? तें उकळलें कीं नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबलें जात नाहीं, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत न पोंचतां वाटेंतच जिरतो आणि पायडल लोण्यासारखें मऊ लागतें. गाडी थंड झाली कीं वाफेचें पुन्हां पाणी होतें, पायडल घट्ट होतें, आणि मिस्त्र्याला कांहींच सांपडत नाहीं.

गाडी तापलेली नसतांनाहि पायडल मऊ असेल व दोनतीनदां दाबल्यावर वर येत असेल, तर बहुधा नळ्यांत हवा शिरलेली असते. रेल्वे फाटकापाशीं उभें असतां पाय स्थिर ठेवूनहि पायडल हळूहळू खालीं बसत असेल, तर कोठें तरी गळती आहे. बाहेर थेंब दिसला नाहीं तरी ती मास्टर सिलिंडरच्या आंत असूं शकते, आणि अशी गाडी पुढें नेऊंच नये. पायडल दगडासारखें कठीण झालें तर ब्रेकला जोर पुरविणारी, इंजिनाच्या ओढीवर चालणारी व्यवस्था बंद पडलेली असते. पेट्रोल वांचविण्याकरितां उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग हें दुखणें स्वतःच्या हातानें ओढवून घेतात.

पावसाळ्यांत मात्र उगाच घाबरणारेहि पुष्कळ. रात्रभर पावसांत उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. सकाळीं पहिल्या दोनचार थांब्यांना खरखर होते आणि जाते. साचलेल्या पाण्यांतून गाडी काढल्यावर ब्रेक कमी लागतो. थोडें अंतर तो हलका दाबून चालविलें कीं सुकतो. २०१९ पासून नव्या मोटारींना चाक न अडूं देणारी एबीएस व्यवस्था सक्तीची आहे. निसरड्यावर जोरानें ब्रेक दाबतां पायडल थरथरलें तर तें तिचेंच काम. पण कोरड्या रस्त्यावर, साध्या दाबानेंहि दर वेळीं थरथर होत असेल, तर डिस्क असमान झिजलेली असते. गाडी एका बाजूला ओढली गेली, तर बहुधा एका चाकाचा ब्रेक चिकटलेला किंवा तेलकट झालेला असतो.

घाट ज्या गिअरांत चढावा त्याच गिअरांत उतरावा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे. पाय ब्रेकवर सतत टेकवून न ठेवतां वेळीं जोरानें दाबून सोडावा. तरीहि पायडल खालीं गेलेंच, तर तें भराभर दाबावें, एकेक गिअर खालीं आणावा, हातब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा, आणि दरीकडची बाजू सोडून डोंगराकडची धरावी. गाडी थांबल्यावर ती आपोआप निवूं द्यावी. ताम्हिणीच्या ओढ्याचें गार पाणी तापलेल्या डिस्कवर ओतण्याची अनेकांना हौस असते, त्यानें डिस्क वांकते किंवा तडकते.

मिस्त्र्याकडे जातांना ‘ब्रेक बिघडला’ एवढेंच सांगून भागत नाहीं. किती उतरल्यावर, पायडल मऊ कीं कठीण, वास कसला, गाडी कोणत्या बाजूला गेली, हें सर्व सांगावें आणि ऑईलांतील पाण्याचें प्रमाण मोजून घ्यावें. नवें ऑईल गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच असावें, आणि मोहोर तोडलेल्या जुन्या बाटलींतलें नसावें; तिनेंहि पावसाळ्याची हवा प्यालेली असते.