वल्लभानुनय

वल्लभानुनय हे विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१–१९२३) यांचे मराठी नाटक आहे. ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. विल्यम शेक्सपिअरच्या ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’ या सुखात्मिकेचे ते रूपांतर होय. मूळ नाटकाचे शीर्षक ही एक इंग्रजी म्हण आहे. महाजनींनी तिचे भाषांतर न करता कथेच्या आशयावरून नाटकाला स्वतंत्र नाव दिले.

लेखक

महाजनींचा जन्म पुण्याचा असला तरी त्यांची कारकीर्द वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात घडली व अकोला ही त्यांची कर्मभूमी ठरली. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढे अकोला, अमरावती येथे इंग्रजी शिक्षणाची सोय झाली. गोपाळ गणेश आगरकर हे महाजनींचे अकोल्यातील विद्यार्थी होत. ‘वल्लभानुनय’खेरीज महाजनींनी शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’वरून ‘तारा’ (१८७९) आणि ‘विंटर्स टेल’वरून ‘मोहविलसित’ ही नाटके लिहिली. आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचे नाव ‘विकारविलसित’ (१८८३) आहे. गुरुशिष्यांच्या या दोन शीर्षकांची घडण सारखीच आहे. १९०७ साली पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे महाजनी अध्यक्ष होते.

मूळ नाटकाची पार्श्वभूमी

‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’चा रचनाकाल सामान्यतः १६०२ ते १६०५, म्हणजे राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीची अखेर व तिच्या मृत्यूनंतरची (१६०३) पहिली वर्षे, असा मानला जातो. नाटक प्रथम छापले गेले ते १६२३ च्या संकलित आवृत्तीत. त्याचे कथानक बोकाचिओच्या ‘डेकामेरॉन’मधील एका कथेवरून घेतले असून ती कथा विल्यम पेंटरच्या ‘द पॅलेस ऑफ प्लेझर’ या ग्रंथातून इंग्रजीत आली होती.

वैद्याची कन्या हेलेना फ्रान्सच्या राजाला असाध्य व्याधीतून बरे करते व बक्षीस म्हणून सरदारपुत्र बर्ट्रम याला पती म्हणून मागून घेते. तिचे कुळ हलके म्हणून तो तिला झिडकारतो आणि युद्धाच्या निमित्ताने फ्लॉरेन्सला निघून जातो. आपल्या बोटातील अंगठी मिळवून आपल्यापासून गर्भवती झाल्याखेरीज तिने आपल्याला पती म्हणू नये, अशी त्याची अट असते. हेलेना ती युक्तीने पुरी करते. बोकाचिओची नायिका धनवान आहे. शेक्सपिअरने तिला निर्धन केल्यामुळे कुळाचा प्रश्न अधिक तीव्र झाला.

शीर्षक

‘शेवट गोड तर सारे गोड’ अशा अर्थाची मूळ म्हण जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात आढळते. फ्रान्सिस मेरेस याने १५९८ साली दिलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या यादीत ‘लव्हज लेबर्स वन’ (प्रेमाचे श्रम सफल) असे एक नाव आहे. ते याच नाटकाचे जुने नाव असावे, असे काही अभ्यासकांनी सुचविले. मात्र हे मत सर्वमान्य नाही.

‘वल्लभ’ म्हणजे प्रिय किंवा पती आणि ‘अनुनय’ म्हणजे मनधरणी. संस्कृत काव्यात रुसलेल्या नायिकेचा अनुनय बहुधा नायक करतो. येथे पत्नी पतीचे मन वळविते, म्हणून नेहमीची दिशा उलटली आहे.

दोन्ही शीर्षकांचा रोख वेगळा आहे. मूळ शीर्षक शेवटाची ग्वाही देते. परंतु बर्ट्रमचे अखेरचे मनःपरिवर्तन अगदी थोडक्या शब्दांत येते आणि राजाही ‘सारे ठीक दिसते’ एवढेच म्हणतो. त्यामुळे एफ. एस. बोआस याने १८९६ साली या नाटकाची गणना ‘समस्याप्रधान’ नाटकांत केली. ‘वल्लभानुनय’ हे नाव शेवटाविषयी काही सांगत नाही; ते नायिकेच्या प्रयत्नावर लक्ष वेधते. त्या दृष्टीने ते मेरेसच्या यादीतील नावाला अधिक जवळचे आहे.