नव्या विंडोजमध्ये आपली उर्दू-मराठी कुठे गेली?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स थांबवली. तेव्हापासून घरोघरी आणि शाळांतून विंडोज ११ टाकण्याची घाई सुरू आहे. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. म्हणून कित्येकांना संगणकच नवा घ्यावा लागला. स्टार्टचे बटण मधोमध आले, उजव्या क्लिकचे नेहमीचे पर्याय दडून बसले, या तक्रारी आठवड्याभरात विरतात. उर्दू आणि मराठी दोन्ही वापरणाऱ्या घरांची खरी अडचण निराळी आहे. जुनी फाईल उघडते, पण तिच्यातला मजमून वाचता येत नाही.

आमच्या शाळेत चाचणीच्या आदल्या दिवशी हेच झाले. संगणक बसवून देणारा म्हणाला, "मॅडम, डेटा जशास तसा आहे." ते खरेही होते. मराठीची प्रश्नपत्रिका जागेवर होती, फक्त ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती.

याचे कारण जुन्या फॉन्टमध्ये आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये आपण 'भारत' लिहितो, तेव्हा संगणक एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरेच साठवतो. फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या संगणकात तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. म्हणजे आपण वर्षानुवर्षे मराठी टाईप करत होतो, पण फाईलमध्ये मराठी कधी नव्हतीच. युनिकोडमध्ये मात्र 'भ' हा 'भ' म्हणूनच साठतो, फॉन्ट कोणताही असो.

उर्दूचे दुखणे आणखी नाजूक. इनपेजची फाईल वर्डमध्ये उघडत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेली उर्दू उघडते, पण नस्तालीक फॉन्ट नसेल तर ती नस्ख वळणात दिसते. मोठ्यांना चालून जाते. दुसरीच्या मुलांपुढे असा कागद ठेवला, तर मदरशात कायदा वाचणारी पोरे लगेच म्हणाली, "टीचर, ये तो अरबी है!" बालभारतीच्या उर्दू पुस्तकातले शब्दच त्यांना या कागदावर ओळखता येईनात. उर्दूचे हे वळण संगणकावर आणायला मिर्झा अहमद जमील यांना हजारो अक्षरजोड हाताने लिहावे लागले. त्यातून १९८१ मध्ये नूरी नस्तालीक तयार झाले. ते असे एका फॉरमॅटमध्ये हरवावे, याचा राग येतो.

निम्मा उपाय फुकट आहे, पण दुकानदार सांगत नाहीत. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा. तिथे 'अरेबिक स्क्रिप्ट सप्लिमेंटल फॉन्ट्स' घेतले की उर्दू टाईपसेटिंग हा नस्तालीक फॉन्ट येतो. 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स'मधून मंगल, कोकिळा, अपराजिता येतात. इंटरनेट तेवढे चालू हवे. कळफलकाची कटकट मात्र उरते. इनपेजमध्ये फोनेटिकची सवय असलेल्यांना विंडोजच्या उर्दू कळफलकावर अलिफ भलत्याच बोटाखाली सापडतो.

उरलेला निम्मा उपाय जुन्या संगणकाजवळच करायचा आहे, म्हणून तो भंगारात देऊ नका. अब्बांनी टाईप केलेला खानदानाचा शजरा, जमातीच्या सभांचे वृत्तांत, कुणाच्या गझला, जे काही त्यात असेल ते तिथेच उघडून आधी पीडीएफ करा. त्यात दिसते तसे टिकते, पण दुरुस्ती करणे अवघड. म्हणून युनिकोडमध्येही बदलून ठेवा, आणि बदललेला मजकूर मुळाशी ताडून वाचाच. मराठीत पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात. उर्दूत शब्दांमधली जागा जाऊन दोन शब्दांचा एक होतो. संध्याकाळी तासभर बसले तर चार-पाच पाने होतात. सुट्टीत घरातल्या मुलांना हे काम द्या, त्यांचे दोन्ही भाषांचे वाचनही होईल.

फॉरमॅट न करता आहे त्याच संगणकावर विंडोज ११ चढवली असेल, तर दहा दिवसांच्या आत 'रिकव्हरी'मधून मागे जाता येते. आणि ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे, त्यांना वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळतात. फाईली काढून घ्यायला तेवढी मुदत पुरते.